पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाचा, परवानगी कुणाची? पुण्यातल्या एका प्रिंटच्या दुकानाचं प्रकरण

अप्पा बळवंत चौकाकडून सदाशिव पेठेत शिरलं की थोड्या अंतरावर हे दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, स्पायरल आणि हार्ड बाइंडिंग, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, अशी सगळी कामं तिथे होतात. दुकानाचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही, कारण अशी दुकानं त्या भागात गल्लोगल्ली आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः स्पर्धा परीक्षांची मुलंमुली. बीड, नांदेड, सोलापूर, जळगावकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आली की दुकानापुढे रांग लागते.

या मुलांच्या पेनड्राइव्हमध्ये काय असतं, हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पाठ असतं. आधार, दहावी-बारावीची मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, सहीचा स्कॅन, फोटो. शेजारच्याच फोल्डरमध्ये आईच्या ऑपरेशनची कागदपत्रं, भावाच्या कर्जाची फाइल, गावाकडच्या जमिनीचा सातबारा. प्रिंट हवी असते एका पानाची, पण हातात दिला जातो अख्खा ड्राइव्ह.

दुकानात दोन संगणक आहेत. आतल्या संगणकावर विंडोज आणि श्री-लिपीत केलेली जुनी कामं आहेत: लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पतसंस्थांची पुस्तकं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या त्या फाइली दुसरीकडे नीट उघडत नाहीत, म्हणून त्याला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. प्रश्न काउंटरवरच्या संगणकाचा होता. तो विंडोज १० वर चालायचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या चिपची) सोय या संगणकात नव्हती. रोज अनोळखी पेनड्राइव्ह लागणारा संगणक सुरक्षा अपडेटशिवाय चालवणं मला पटणारं नव्हतं. मी या दुकानाच्या संगणकांची देखभाल करतो. मी उबुंटू २४.०४ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) सुचवलं, मालकांनी मान्य केलं.

नेमकी अडचण

संगणक बदलल्यावर प्रिंटर चालला, स्कॅनर चालला, मराठी टायपिंग चाललं. अडलं ते पेनड्राइव्हवर. काउंटरवरच्या ताई पेनड्राइव्ह लावायच्या, तो डाव्या बाजूला नावासकट दिसायचा, आतल्या फाइलीही दिसायच्या. फोटोवर डबल क्लिक केलं की गिम्पची, म्हणजे फोटोवर काम करायच्या प्रोग्रॅमची, खिडकी उघडायची आणि परवानगी नाही असा संदेश यायचा. तोच फोटो डेस्कटॉपवर ओढून घेतला की बिनतक्रार उघडायचा. पीडीएफ मात्र थेट पेनड्राइव्हवरून उघडायच्या. म्हणजे कधी चालतं, कधी नाही, आणि का ते कळत नाही.

रांगेतल्या माणसाला यातलं काही सांगता येत नाही. ताई सांगायच्या, "तुमचा पेनड्राइव्ह खराब दिसतोय." मुलगा मुकाट्याने ड्राइव्ह घेऊन शेजारच्या दुकानात जायचा आणि तिथे तो व्यवस्थित उघडायचा.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. "अहो, आधी सगळं उघडायचं ना? मग सगळ्या अ‍ॅपना परवानगी देऊन टाका एकदाची. रांग लागलेली असताना हे कोण निस्तरणार?"

ती मागणी चुकीची नव्हती. एका ओळीच्या आज्ञेत ते होतंही. प्रकरण लिहायचं कारण एवढंच की आम्ही ते तसं केलं नाही, आणि जे केलं त्यामागचा विचार अशा प्रत्येक दुकानाला, सायबर कॅफेला, सीएच्या ऑफिसला लागू पडतो.

कुंपण कुठे आहे

उबुंटूत अ‍ॅप दोन-तीन वाटांनी येतात. एक जुनी वाट, डेब पॅकेजची. ते अ‍ॅप लॉगिन केलेल्या माणसाच्या हक्काने चालतं, म्हणजे ताईंना जे वाचता येतं ते सगळं त्यालाही. पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम या वाटेने आलेला होता, म्हणून तो अडला नाही. दुसरी वाट स्नॅपची, तिसरी फ्लॅटपॅकची. या दोन्हींत अ‍ॅप सँडबॉक्समध्ये, म्हणजे आखून दिलेल्या कुंपणात चालतं. कुंपणाबाहेरचं काही हवं असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते.

स्नॅपमध्ये या परवानग्यांना इंटरफेस म्हणतात. ‘होम’ नावाचा इंटरफेस डेस्कटॉपवर साधारणपणे आपोआप जोडला जातो. त्यातून अ‍ॅपला आपल्या होम फोल्डरमधल्या फाइली मिळतात, फक्त टिंबाने सुरू होणारे लपवलेले फोल्डर वगळून. ‘रिमूव्हेबल मीडिया’ हा इंटरफेस मात्र मुळात आपोआप जोडला जात नाही. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन बटण चालू करायचं, किंवा टर्मिनलवर आज्ञा द्यायची. एखाद्या अ‍ॅपला ही परवानगी पहिल्या दिवसापासून आपोआप हवी असेल, तर त्याच्या प्रकाशकाला स्टोअरकडे कारण मांडावं लागतं आणि तिथली माणसं ते तपासून ठरवतात.

ताईंच्या संगणकावर हेच होत होतं. गिम्प स्नॅपमधून आलेला, ‘होम’ जोडलेला, ‘रिमूव्हेबल मीडिया’ सुटा. सिस्टिमच्या नोंदवहीत हे कुंपण राखणाऱ्या अ‍ॅपआर्मरची ओळ स्वच्छ दिसत होती: नकार दिला, अमुक अ‍ॅपला, मीडिया फोल्डरखालच्या तमुक फाइलसाठी. नकार अ‍ॅपचा नव्हता आणि पेनड्राइव्हचाही नव्हता, कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट या फाइली साठवायच्या पद्धतींत असतात. त्या पद्धतींत कुठली फाइल कुणाच्या मालकीची ही नोंदच नसते. ड्राइव्ह जोडला की त्यातलं सगळं लॉगिन केलेल्या माणसाच्या नावावर चढतं. त्यामुळे नेहमीचं ‘ही फाइल माझी, ती तुझी’ हे संरक्षण पेनड्राइव्हच्या बाबतीत नसतंच. सँडबॉक्सचं कुंपण उठवलं की मध्ये दुसरं काही उरत नाही.

ही परवानगी दिसते त्यापेक्षा मोठी आहे

‘एक्स्टर्नल ड्राइव्ह वाचायची परवानगी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समोरचा पेनड्राइव्ह येतो. प्रत्यक्षात परवानगी ड्राइव्हला नसते, जागेला असते. ‘रिमूव्हेबल मीडिया’ जोडला की अ‍ॅपला मीडिया, रन-मीडिया आणि एमएनटी या फोल्डरांखालचं (बाहेरचे ड्राइव्ह जोडले की सहसा इथेच दिसतात) सगळं खुलं होतं. आज लावलेला ड्राइव्ह, उद्या लावणार तो, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या अनोळखी मुलीचाही. वाचणंही खुलं, लिहिणंही खुलं. या इंटरफेसमध्ये ‘फक्त वाचू द्या’ अशी सोय नाही. फ्लॅटपॅकमध्ये फोल्डरपुढे फक्त-वाचनाची खूण जोडता येते, तो त्याचा मोठा फायदा.

मग मी त्या संगणकावर मीडिया फोल्डरखाली काय काय आहे ते बघितलं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह होता. दुकानाच्या बॅकअपची डिस्क होती, जी कायम मागे लावलेली असायची आणि जिच्यात दुकानाची कित्येक वर्षांची कामं होती. आणि जुन्या विंडोजचं पार्टिशन होतं. ते संगणकाच्या आतल्याच डिस्कवर आहे, पण फाइल मॅनेजरमधून उघडलं की तेही मीडिया फोल्डरखालीच बसतं. नाव रिमूव्हेबल, पण आत घरातली कपाटंसुद्धा आली.

मालकांना हे दाखवल्यावर पहिल्यांदा त्यांचा सूर बदलला. गिऱ्हाइकाच्या फाइलींबद्दल ते बेफिकीर नव्हते. पण स्वतःच्या बॅकअपची डिस्क त्याच दाराआड आहे हे कळल्यावर ‘सगळ्यांना देऊन टाका’ हा विषय संपला.

परवानगी न देता फाइल देता येते

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आधीच तयार आहे, आणि ते पोर्टल नावाच्या यंत्रणेत आहे. अ‍ॅपमधून ‘ओपन’ दाबलं की फाइल निवडायची जी खिडकी येते, ती पोर्टलच्या पद्धतीत अ‍ॅपची नसते, कुंपणाबाहेरच्या डेस्कटॉपची असते. माणूस तिच्यातून फाइल निवडतो आणि तेवढीच फाइल अ‍ॅपच्या हाती पडते. जुन्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फळीपलीकडे जात नाही, हवी ती वस्तू आतून काढून मिळते, तसंच हे. अ‍ॅपला बाकीचा पेनड्राइव्ह दिसतही नाही.

पोर्टलची खुबी ही की परवानगीचा वेगळा प्रश्न विचारावाच लागत नाही. फाइल निवडणं हीच परवानगी. ‘या अ‍ॅपला ड्राइव्ह वाचू द्यायचा का?’ असा चौकोन दाखवणाऱ्या पद्धतीपेक्षा मला हे कितीतरी प्रामाणिक वाटतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून एखादं अ‍ॅप बाहेरच्या ड्राइव्हला हात लावू लागलं की असा चौकोन येतो. घरच्या संगणकाला ते ठीक आहे. दुकानात मात्र तो चौकोन एकदा येणार, रांग असताना ताई ‘हो’ म्हणणार, आणि ते ‘हो’ त्यानंतरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हला लागू होणार. विंडोजच्या स्टोअरमधल्या, कुंपणात चालणाऱ्या अ‍ॅपना बाहेरच्या ड्राइव्हवर त्यांनी जाहीर केलेल्या प्रकारच्याच फाइली दिसतात. ती मर्यादा चांगली आहे, पण जेपीजी जाहीर करणाऱ्या अ‍ॅपला आधारचा फोटोही जेपीजीच दिसतो.

पोर्टल सगळीकडे पुरत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. तीन ठिकाणी ते अडतं, आणि ही तिन्ही आमच्या काउंटरवर रोज घडत होती.

पहिलं म्हणजे डबल क्लिक. फ्लॅटपॅकचं अ‍ॅप असेल तर फाइल मॅनेजरमध्ये डबल क्लिक केलेली फाइल पोर्टलमार्गे आत पोचवली जाते. स्नॅपमध्ये नुसता फाइलचा पत्ता अ‍ॅपला दिला जातो, आणि पत्ता कळला तरी दार बंद. ताईंचा सगळा त्रास इथलाच होता. त्यांच्या हाताला डबल क्लिकची सवय. अ‍ॅप आधी उघडा, मग ‘ओपन’मधून फाइल निवडा, हे रांगेपुढे जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही मी करत नाही.

दुसरं, ज्या अ‍ॅपची फाइल निवडायची खिडकी स्वतःचीच आहे ती अ‍ॅप. गिम्प त्यातलंच. पोर्टलला तिथे शिरकावच नाही.

तिसरं, जिथे एक फाइल पुरत नाही. प्रबंधाच्या दस्तऐवजात चित्रं बाहेरून जोडलेली असतील, तर निवडलेला दस्तऐवज येतो आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. घरी सिनेमा बघताना सबटायटलची फाइल शेजारी असूनही दिसत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

(ताईंची आणखी एक तक्रार होती, की मराठी अर्ज उघडला की पानं पुढे सरकतात. त्याचा सँडबॉक्सशी संबंध नव्हता. गिऱ्हाइकाने मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेलं, या संगणकावर मंगल नाही, म्हणून दुसरा देवनागरी फॉन्ट लागायचा आणि ओळी बदलायच्या. पण नव्या संगणकावर जे जे बिघडतं त्याचं खापर एकाच गोष्टीवर फुटतं, म्हणून हे वेगळं करून सांगावं लागलं.)

कसोटी कशी ठरली

अशा निर्णयात सहसा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, या अ‍ॅपला ड्राइव्हवरच्या फाइली लागतात का? या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं. टेक्स्ट एडिटरलाही लागतात, कॅल्क्युलेटर सोडून सगळ्यांनाच लागतात. म्हणून तो प्रश्न निरुपयोगी आहे. मी विचारलेला प्रश्न असा: कुणी बोट दाखवल्याशिवाय या अ‍ॅपने ड्राइव्ह उघडायची गरज आहे का? बॅकअपच्या प्रोग्रॅमला आहे, तो रात्री कुणी नसताना चालतो. फोटोंचा संग्रह लावणाऱ्या प्रोग्रॅमला आहे, त्याला अख्खं कार्ड चाळायचं असतं. ब्राउझरला नाही. चॅटच्या अ‍ॅपला तर मुळीच नाही.

दुसरा प्रश्न आमच्या दुकानामुळे आला, आणि माझ्या मते सार्वजनिक संगणकावर तोच खरा निर्णायक. ड्राइव्ह ज्याचा आहे तो माणूस काउंटरच्या पलीकडे उभा आहे. त्याला कुठल्या अ‍ॅपला काय दिलंय ते दिसत नाही, विचारलंही जात नाही. आपल्या घरच्या संगणकावर आपण आपल्या फाइलींचा धोका पत्करतो. इथे ताईंनी बटण दाबलं तर धोका त्या मुलाचा. म्हणून ज्या अ‍ॅपला ड्राइव्ह आपोआप मिळतो, त्याला इंटरनेट मिळता कामा नये. हा नियम मी दुकानासाठी लिहून दिला, आणि तो पाळणं स्नॅपमध्ये अवघड नाही: नेटवर्क हाही एक इंटरफेसच आहे, आपोआप जोडला जातो आणि हाताने काढताही येतो. फ्लॅटपॅकमध्येही अ‍ॅपचं नेटवर्क बंद करता येतं. जे वाचतं ते बाहेर बोलू शकत नाही, आणि जे बाहेर बोलतं त्याला बोट दाखवलेली फाइलच मिळते.

प्रकाशक कोण, हा प्रश्न त्यानंतरचा. पण तो सोडून चालत नाही. स्टोअरमध्ये आहे म्हणजे विश्वासाचं, असं धरता येत नाही. २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरमधल्या एका साध्या खेळात क्रिप्टो मायनिंगचा (वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या संगणकावर आभासी चलन कमावणारा) कोड लपवलेला सापडला होता. २०२३ मध्ये नामांकित क्रिप्टो वॉलेटची नावं लावलेली बनावट अ‍ॅप सापडली, आणि त्यानंतर नव्या नावांची नोंदणी काही काळ माणसांकडून तपासून घेतली जाऊ लागली.

एकेका अ‍ॅपचा निकाल

गिम्पला ड्राइव्ह दिला. पासपोर्ट फोटोचं काम कॅमेऱ्याच्या कार्डापासूनच सुरू होतं, त्याची निवडीची खिडकी पोर्टलची नाही, आणि डबल क्लिक चाललंच पाहिजे. त्याचं नेटवर्क काढलं. फोटो कापायला, पार्श्वभूमी पांढरी करायला आणि एका शीटवर आठ फोटो लावायला इंटरनेट लागत नाही. ताईंना फरक एवढाच जाणवला, की फोटो उघडायला लागले.

ब्राउझरच्या बाबतीत उलटं करावं लागलं. परवानग्यांची यादी काढली तेव्हा त्याला ‘रिमूव्हेबल मीडिया’ आधीच जोडलेला दिसला, आणि शेवटच्या रकान्यात ‘मॅन्युअल’ हा शब्द नव्हता, म्हणजे तो आपोआप जोडला गेला होता. घरच्या वापरासाठी स्टोअरचा तो निर्णय समजण्यासारखा आहे. माणसं पेनड्राइव्हवरची एचटीएमएल फाइल ब्राउझरमध्ये उघडतात, थेट ड्राइव्हवर डाउनलोड करतात. पण हा आमच्या संगणकावरचा सगळ्यात जास्त बाहेर बोलणारा प्रोग्रॅम. आम्ही ती जोडणी काढली. फॉर्म भरताना ‘अपलोड’ दाबलं की पोर्टलची खिडकी येते, पेनड्राइव्हवरची सही निवडता येते, अपलोड होते. डाउनलोड केलेलं हॉलतिकीट ड्राइव्हवर थेट सेव्हही होतं. अडतं ते फक्त ड्राइव्हवरच्या फाइलवर डबल क्लिक करून ती ब्राउझरमध्ये उघडायची झाली तर, आणि तशी वेळ काउंटरवर क्वचित येते. हाताने काढलेली जोडणी स्नॅप लक्षात ठेवतो, पुढच्या अपडेटला परत जोडत नाही.

पीडीएफची पानं जोडायचं अ‍ॅप फ्लॅटपॅकमधून घेतलं आणि काहीच दिलं नाही. प्रबंधाची प्रकरणं एकाच वेळी निवडली की ती सगळी पोर्टलमार्गे आत येतात. एकदा ताईंनी विचारलं, की फाइलच्या पत्त्यात हा विचित्र आकड्या-अक्षरांचा फोल्डर कुठून आला. तो पोर्टलचा तात्पुरता पत्ता, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चॅटच्या अ‍ॅपना नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतं ती ब्राउझरमधून डाउनलोड फोल्डरमध्ये येते, ड्राइव्हचा संबंधच नाही. लिनक्सवर व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाने जी वेगळी डेस्कटॉप अ‍ॅप मिळतात ती कंपनीची नाहीत, कुणीतरी वेबपान गुंडाळून केलेली आहेत. ती या संगणकावर ठेवायची नाहीत असं ठरलं.

वाद झाला तो एका छोट्या अ‍ॅपवर. ताईंनी स्टोअरमधून पासपोर्ट फोटोची शीट झटपट लावणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. प्रकाशक एकटा माणूस, नाव पडताळलेलं नाही, अ‍ॅपला ड्राइव्हही हवा आणि नेटवर्कही. नेटवर्क काढून बघितलं तर ते सुरूच होईना. ताई म्हणाल्या, "पण दादा, ह्याच्यावर माझं काम अर्ध्या वेळात होतं." खरंच होत होतं. ती सोय काढून घेणं सोपं नव्हतं, कारण तिची किंमत त्यांच्या कमरेला आणि मानेला द्यावी लागते. पण ज्याच्यात अनोळखी मुलांचे चेहरे आणि कागदपत्रं जाणार, ते इंटरनेटशिवाय सुरूच होत नाही म्हटल्यावर त्याला परवानगी देणं माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. ते काढलं आणि गिम्पमध्ये तयार शीटचा साचा करून दिला. तेवढा झटपट तो नाही.

ऑफिस सूट डेब पॅकेजचं होतं, त्याला कुंपणच नाही. मालकांनी रास्त विचारलं, "मग त्याला सगळं मोकळं आणि बाकीच्यांना नियम, हे कसं?" त्याचं उत्तर असं, की उबुंटूच्या मुख्य भांडारातली पॅकेजं उबुंटूच्याच पायाभूत यंत्रणेत बांधली जातात आणि तिथून त्यांची देखभाल होते. स्टोअरमध्ये प्रकाशक कुणीही असू शकतो. विश्वासाची जागा वेगळी आहे. तरीही प्रश्नात तथ्य आहे, आणि म्हणून या संगणकावर नवीन डेब पॅकेज कुठल्याही वेबसाइटवरून उतरवून बसवायचं नाही, हा नियम त्याच कागदावर लिहिला. ‘क्लासिक’ पद्धतीने बसवाव्या लागणाऱ्या स्नॅपनाही तोच नियम. त्यांना कुंपण नसतं, मग परवानग्यांची यादी बघून काही उपयोग नाही.

बॅकअपची डिस्क हलवली. ती मीडिया फोल्डरखाली येऊ न देता एसआरव्ही या वेगळ्या फोल्डरखाली कायमची बसवली. एमएनटी मुद्दाम टाळलं, कारण बरेच जण सवयीने तिथे डिस्क बसवतात आणि ‘रिमूव्हेबल मीडिया’ तिथेही पोचतो. डिस्क एक्सटी४ मध्ये (या पद्धतीत फाइलच्या मालकीची नोंद असते), फोल्डरची मालकी आणि वाचायचा हक्क फक्त रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, बॅकअप टायमरवर रात्री चालतो. आता ताईंच्या लॉगिनमधलं कुठलंच अ‍ॅप, डेब असो वा स्नॅप, ती वाचू शकत नाही. जुन्या विंडोजच्या पार्टिशनमधून लागणारं काढून घेतलं आणि ते पुसून टाकलं.

डबल क्लिकचं जे उरलं

गिम्प आणि पीडीएफ सुटले तरी एखादं स्नॅप अ‍ॅप मध्येच अडायचंच. त्यासाठी होम फोल्डरमध्ये ‘आजचं काम’ नावाचा एक फोल्डर केला. अडलं की पेनड्राइव्हवरून हवी ती एकच फाइल तिथे ओढायची आणि काम करायचं.

यावर मी बराच विचार केला, कारण इथे एक धोका सोडवताना दुसरा येतो. फाइल दुकानाच्या डिस्कवर उतरते, आणि ‘होम’ जोडलेली सगळी स्नॅप अ‍ॅप, इंटरनेटवाल्या ब्राउझरसकट, ती वाचू शकतात. तरी मी हेच निवडलं. ज्याने प्रिंट मागितली त्याची एक फाइल काही तास उघडी राहणं, आणि ज्याने काही मागितलेलं नाही असा अख्खा ड्राइव्ह उघडा राहणं, यांत पहिलं कितीतरी बरं. शिवाय ओढलेली फाइल माणसाने निवडलेली असते. फोल्डर रोज आपोआप रिकामा होण्यासाठी जुन्या फाइली आपोआप पुसणाऱ्या सिस्टिमडीच्या टीएमपीफाइल्स या सोयीचा एक दिवसाचा नियम लावला. एखाद्याची फाइल दोन वर्षांपूर्वीची असली तरी ती आजच पुसली जात नाही ना, हे तपासून घेतलं. पुसायचा हिशेब फाइल इथे उतरल्याची वेळही धरतो, त्यामुळे दिवसभर ती राहते.

मालकांना एक दिवसही जास्त वाटला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येऊन ‘कालचीच आणखी एक कॉपी’ मागतं, हे ताईंनी सांगितल्यावर एक दिवस ठेवला.

सध्याची स्थिती

काउंटरवर पेनड्राइव्ह न उघडल्याने गिऱ्हाईक परत जाणं थांबलं आहे. स्नॅप अ‍ॅप मुळात दिवसातून चार वेळा अपडेट शोधतात, आणि अपडेटबरोबर एखाद्या अ‍ॅपला स्टोअरकडून नवी आपोआप जोडणी मिळू शकते. एखादं अ‍ॅप काढून परत बसवलं तर आपण हाताने केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून महिन्याच्या देखभालीत परवानग्यांची यादी काढून मागच्या यादीशी ताडून बघणं हे काम मी वाढवलं आहे, आणि मालक त्याचे वेगळे पैसे देतात.

उबुंटूमध्ये २४.१० पासून अ‍ॅपने फाइल मागितली की त्या वेळी विचारायची सोय प्रायोगिक स्वरूपात आली, तीही आधी होम फोल्डरपुरती. ती बाहेरच्या ड्राइव्हपर्यंत आली तरी काउंटरच्या लॉगिनला मी ती लगेच चालू करणार नाही. विचारणारा चौकोन ताईंपुढे येईल, आणि उत्तर देण्याचा हक्क काउंटरच्या पलीकडच्या मुलाचा आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आतल्या विंडोजच्या संगणकावर पत्रिकांच्या गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आजही थेट लागतात, आणि तिथली जुनी डीटीपीची (छपाईसाठी पानं मांडायची) सॉफ्टवेअर कुठल्याच कुंपणात चालत नाहीत. मालकांशी बोलणं झालं आहे: पेनड्राइव्ह फक्त काउंटरवर लावायचा, हवी ती फाइल नेटवर्कवरच्या एका फोल्डरमधून आत पाठवायची, आणि आतल्या संगणकाचं इंटरनेट बंद ठेवायचं. लग्नसराई संपल्यावर ते काम करायचं ठरलंय. तोवर त्या संगणकावर ब्राउझर उघडायचा नाही, अशी चिठ्ठी ताईंनी मॉनिटरला चिकटवली आहे.